टोपीकचा रोड मॉर्फ: लांबच्या राईडसाठी घेतलेला पंप, दोन वर्षं वापरल्यावर

पावसाळा संपत आला की "ताई, पंप कोणता घेऊ?" हा प्रश्न मला हमखास येतो, कारण ऑक्टोबरपासून आपल्याकडे 200, 300 किलोमीटरच्या राईड सुरू होतात आणि नवीन मुली पहिल्यांदाच शहराच्या बाहेर इतक्या लांब जाणार असतात. दर वेळी मी फोनवर अर्धा तास बोलते, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते. मी नाशिकला, इंदिरानगरला राहते, शाळेत शिकवते, लांबच्या राईड पाच वर्षांपासून करते, वजन 54 किलो. वजन मुद्दाम सांगतेय, पंपाच्या बाबतीत ते फार महत्त्वाचं आहे आणि कुठल्याच दुकानात कोणी ते विचारत नाही.

आत्ता माझ्या सायकलवर टोपीक कंपनीचा रोड मॉर्फ जी आहे. त्याआधीचे दोन पंप मी काढून टाकले. त्यातला दुसरा का काढला ते आधी सांगते, मग हा का घेतला ते आपोआप कळेल.

तीन वर्षांपूर्वी 300 ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत स्वतःच्या जिवावर पूर्ण करायची लांबची राईड) होती, नाशिकहून सकाळी सहाला निघून धुळ्याच्या अलीकडून वळून परत. 300 ला 20 तास मिळतात हे तुम्हाला माहीत असेलच, आणि मधे कंट्रोल पॉइंट सोडून इतर कुठे कोणाची गाडी मदतीला आलेली चालत नाही, स्वतःचं स्वतः निस्तरायचं. परतीला मालेगाव, सौंदाणे गेलं, उमराण्याच्या अलीकडे संध्याकाळी साडेसात वाजता मागचं चाक बसलं. 215 किलोमीटर झालेले, पुढे राहुड घाटाचा चढ बाकी, बाजूने कांद्याच्या गाड्या धडाधड जातायत, अंधार पडलेला. पंक्चर शोधायला काही त्रास नाही झाला, हायवेवर आपल्याला नेहमी भेटते तीच गोष्ट, ट्रकचा टायर फुटला की त्यातल्या बारीक पोलादी तारा रस्त्याच्या कडेला पडून राहतात, त्यातली एक घुसलेली. नवी ट्यूब घातली आणि हवा भरायला बसले. माझ्याकडे तेव्हा एक छोटा सुंदर ॲल्युमिनियमचा पंप होता, 90 ग्रॅमचा, जर्सीच्या खिशात मावणारा, बॉक्सवर 120 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलेलं. त्याला छोटी रबरी नळी होती आणि ती व्हॉल्व्हवर आट्यांनी फिरवून बसवायची. भरत गेले, मोजत गेले, दोनशेच्या पुढे हात थरथरायला लागले, अडीचशेला टायर जरा कडक लागला. मग नळी उलटी फिरवून काढायला गेले तर नळीबरोबर व्हॉल्व्हची आतली पिन पण फिरून बाहेर आली. फुस्स. सगळी हवा गेली.

त्या क्षणी मी रडले, खरंच. मग पिन हातानेच घट्ट बसवली, पुन्हा अडीचशे स्ट्रोक मारले, आणि काढताना पिन दोन बोटांनी धरून ठेवली. एक तास दहा मिनिटं त्यात गेली. राईड वेळेत संपली, रात्री एक चाळीसला घरी पोचले, पण पुढचे चार दिवस फळ्यावर लिहायला खांदा वर जात नव्हता.

घरी आल्यावर मी एकच गोष्ट केली, कागद पेन घेऊन बसले. माझ्या 700 बाय 32 च्या, म्हणजे 32 मिलिमीटर रुंद, टायरमध्ये साधारण 1.65 लिटर जागा असते. ट्यूब रिकामी असताना 60 पीएसआयपर्यंत न्यायची तर बाहेरची साधी हवा सुमारे साडेआठ लिटर आत कोंबावी लागते. आता पंपाचा दट्ट्या 20 मिलिमीटर व्यासाचा आणि हाताची चाल 15 सेंटिमीटरची असेल तर एका स्ट्रोकला 47 मिली हवा, म्हणजे एक थेंब वाया न जाता 180 स्ट्रोक. पण वाया जातेच, कारण आतलं प्रेशर वाढलं की प्रत्येक स्ट्रोकची थोडी हवा दाबली जाऊन नळीत आणि पंपाच्या डोक्यात (व्हॉल्व्हवर बसतो त्या भागात) अडकून राहते, ट्यूबमध्ये शिरतच नाही. म्हणून अडीचशे. माझं काही चुकत नव्हतं, पंपच तेवढा होता.

मग वाटेल की जाड पंप घ्यावा, एका स्ट्रोकला जास्त हवा जाईल. जाते, पण जोर पण तेवढाच जास्त लागतो. 20 मिलिमीटरच्या दट्ट्याला 60 पीएसआयला साधारण 13 किलोचा जोर लागतो, 28 मिलिमीटर असेल तर 26 किलोचा, जवळजवळ दुप्पट. रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून, एका हातात चाक आणि एका हातात पंप धरून, थकलेल्या दंडांनी 26 किलो शंभर वेळा ढकलायचं म्हणजे काय ते करून बघा. म्हणूनच जाडे पंप एमटीबीच्या (डोंगरी सायकलच्या) फुगीर, कमी प्रेशरच्या टायरला ठीक आणि बारीक लांब पंप रोडच्या सायकलला. बॉक्सवर 120 किंवा 160 पीएसआय लिहिलेलं असतं तेव्हा एवढंच कळतं की पंप तिथपर्यंत फुटणार नाही, आपला हात तिथपर्यंत पोचेल की नाही ते त्यातून कळत नाही.

आता रोड मॉर्फ. हा दिसायला हातपंप आहे पण वापरायचा उभ्या पंपासारखा. खालच्या टोकाला एक छोटी पट्टी दुमडलेली असते ती उघडून त्यावर बुटाचा पुढचा भाग ठेवायचा, वरची मूठ फिरवली की आडवी होऊन टी सारखी होते, आणि बाजूने लांब नळी निघते ती व्हॉल्व्हला लावायची. बस्स, मग घरातल्या मोठ्या पंपासारखं वरून वजन टाकायचं. दंडाचा जोर लागतच नाही, 54 किलोतले 13 किलो खाली ढकलायला काय लागतं? वाकावं लागतं हे खरं, पंप 35 सेंटिमीटरचाच आहे, पण पाठ वाकवून शंभर वेळा वजन टाकणं आणि छातीशी धरून शंभर वेळा पिळणं यात जमीन अस्मानाचा फरक आहे. माझ्या 32 च्या टायरला 60 पीएसआयपर्यंत सव्वाशेच्या आसपास स्ट्रोक लागतात, चार एक मिनिटं, मधे एकदा दम घेऊन.

नळीचं महत्त्व मला आधी कळलं नव्हतं. ज्या पंपाचं डोकं थेट व्हॉल्व्हवर बसतं त्यात आपण प्रत्येक स्ट्रोकला व्हॉल्व्ह पण हलवत असतो, आणि प्रेस्टाची, म्हणजे आपल्या सायकलच्या बारीक व्हॉल्व्हची, पिन ती केवढीशी, ती वाकते, नाहीतर ट्यूबला व्हॉल्व्ह जिथे चिकटवलेला असतो तिथे बारीक चीर जाते आणि ती चीर पॅच लावून बुजत नाही. माझा सगळ्यात पहिला पंप असाच होता, त्याने दोन ट्यूब खाल्ल्या. मधे नळी असली की पंप कितीही हलू दे, व्हॉल्व्ह शांत. आणि या नळीच्या टोकाला आट्या नाहीत, डोकं दाबून बसवायचं आणि अंगठ्याने खटका पाडायचा, त्यामुळे उमराण्याला झालं तसं पिन फिरून बाहेर यायचा प्रश्न नाही. (ज्यांच्याकडे आट्यांचा पंप आहे त्यांनी घाबरू नका, घरीच पिन छोट्या पान्याने घट्ट करून ठेवा, प्लास्टिकचा पाना अगदी स्वस्तात मिळतो.)

जी म्हणजे गेज असलेला. नळीवरच दाब दाखवणारा छोटा काटा आहे. अशा छोट्या गेजवर, कुठल्याही कंपनीचा असो, पाच इकडे पाच तिकडे धरून चालायचं. घरी मोठ्या पंपावर 60 भरून टायर अंगठ्याने दाबून बघायची सवय लावली तर रात्री तेच जास्त कामाला येतं, मी तर अंगठ्यावरच चालते आणि गेजकडे फक्त खात्री म्हणून बघते.

आता न्यायचं कसं, कारण याची मुख्य अडचण तीच आहे. 35 सेंटिमीटर लांब आणि सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास वजन, म्हणजे जर्सीच्या खिशात नाही, सॅडल बॅगेत नाही. सायकलवर वजन कमी करायच्या मागे लागलेले लोक नाक मुरडतात, आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी तर पहिल्याच दिवशी विचारलं, "काय गं, लाटणं घेऊन निघालीस का?" मी काकांना म्हटलं दीड लिटर पाणी नेतो आपण, त्यातले दोन घोट कमी नेले की पंपाचं वजन वसूल.

सोबत फ्रेमला लावायचा ब्रॅकेट येतो. मी तो आधी फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर, बाटलीच्या पिंजऱ्याच्या बाजूला लावला. उन्हाळ्यात छान राहिला. पावसाळ्यात त्र्यंबकहून पहिने मार्गे घोटीला गेले तेव्हा पुढच्या चाकाने उडवलेला सगळा लाल चिखल पंपाच्या डोक्यात जाऊन बसला, घरी येऊन टूथब्रशने साफ केला. तेव्हापासून वरच्या नळीच्या खालून लावते, तिथे चिखल कमी पोचतो, आणि डोक्यावर फाटक्या ट्यूबचा चार बोटं तुकडा मोज्यासारखा चढवते. ट्यूबच्याच दोन रिंगा कापून पंपाभोवती घालते, वेल्क्रो पट्टा आहेच पण कसारा घाट उतरताना खड्ड्यांमधे नुसत्या वेल्क्रोवर माझा विश्वास नाही. ट्यूबच्या रिंगा म्हणजे आपल्या सायकलवाल्यांचं सगळ्यात भारी साधन आहे, फुकट, ओली झाली तरी सैल होत नाही आणि पंप खडखडत पण नाही. रात्रभर खडखड ऐकत सायकल चालवणं किती डोकं उठवतं ते 400 केलेल्यांना विचारा.

खिशात पंप नेण्याबद्दल एक सांगायचंय. छोटा असला तरी जर्सीच्या मधल्या खिशात धातूची कांडी ठेवू नका, पाठीवर पडलात तर ती थेट मणक्यावर येते. शिवाय घाम. माझ्या पहिल्या पंपाची मूठ घामाने आतून गंजली होती आणि मला कळलंच नव्हतं, पंप रोज बरोबर होता पण सहा महिने उघडलाच नव्हता.

गॅसच्या नळकांड्यांबद्दल सगळे विचारतात. सीओटूचं 16 ग्रॅमचं नळकांडं 32 च्या टायरला साधारण 60, 65 पीएसआयपर्यंत नेतं, दहा सेकंदात काम खल्लास, ज्यांना रेस करायची त्यांच्यासाठी उत्तमच आहे. पण ते एकदाच. काटा टायरमध्ये राहिला असेल, ट्यूब रिमखाली चिमटली असेल, तर नळकांडं गेलं आणि तुम्ही पुन्हा पहिल्या घरात. सोडताना ते इतकं गार पडतं की उघड्या हाताने धरलं तर कातडी चिकटते, कापडी वेष्टण हवंच. आणि सीओटू ट्यूबच्या रबरातून साध्या हवेपेक्षा भराभर झिरपतो, दुसऱ्या दिवशी चाक मऊ लागतं, म्हणून घरी आल्यावर तो सोडून साधी हवा भरायची. मी एक नळकांडं जवळ ठेवते, पावसात किंवा जिथे थांबायला भीती वाटते अशा जागी वापरायला, पण पंपाच्या ऐवजी नाही, पंपाशिवाय कधीच नाही.

बॅटरीवरचे छोटे पंप आता सगळीकडे दिसतात. मला ते आवडले, हे मोकळेपणाने सांगते, सांधे दुखणाऱ्यांना किंवा मनगटाचं ऑपरेशन झालेल्यांना तर ते वरदान आहे. पण एका चार्जमध्ये मोजकेच टायर भरतात, भरताना गरम होतात, आणि लांबच्या राईडला आधीच लाईट, फोन, जीपीएस असं सगळं चार्ज करायचं असतं त्यात आणखी एक. माझ्या मैत्रिणीचा पेठ रोडला दुसऱ्या टायरच्या वेळी अर्ध्यावर बंद पडला, मग माझा मॉर्फ निघाला. शहरात, गंगापूर धरणापर्यंत जाऊन यायला खुशाल वापरा.

आता नाशिकच्या आसपासचं बोलू, कारण बाहेरच्या देशातले रिव्ह्यू वाचून पंप घेतला तर आपल्या रस्त्यांचं गणित त्यात नसतं. दिंडोरी, मोहाडी, वणीकडे जाताना द्राक्षबागांच्या तारांचे बारीक तुकडे रस्त्यावर येतात. पावसाळ्यानंतर कडेच्या मातीत सराटे, आणि सराटा एक कधीच नसतो, एका चाकात चार चार घुसतात, म्हणून एक ट्यूब बदलून भागत नाही, टायरच्या आतून कापड फिरवून सगळे काटे काढावेच लागतात (बोट फिरवू नका, कापड फिरवा, तार असेल तर बोटात जाते). सिन्नरकडे आणि गावातल्या आतल्या रस्त्यांना बाभळीचे काटे. म्हणजे एका राईडला तीन पंक्चर ही आपल्याकडे काही अशक्य गोष्ट नाही, आणि तीन वेळा अडीचशे स्ट्रोक मारून बघा म्हणजे मी कशाबद्दल बोलतेय ते कळेल.

पंक्चरवाले हायवेवर भरपूर आहेत, त्यांच्याकडे कॉम्प्रेसर असतो, पण त्याचं तोंड मोटरसायकलच्या जाड श्रेडर व्हॉल्व्हचं. आपला प्रेस्टा 6 मिलिमीटरचा, श्रेडर 8 चा. वडाळीभोईला एका दादांनी नळी लावून बघितली आणि म्हणाले, "ताई, ह्या सायकलीला आमचं नळकांडं बसत न्हाई, हिला काय येगळंच बसिवलंय." तेव्हा माझ्याकडे पितळेचा छोटा अडॅप्टर होता तो लावला आणि काम झालं. अंगठ्याच्या नखाएवढी वस्तू आहे, दोन घ्या, एक व्हॉल्व्हवरच टोपीच्या जागी लावून ठेवा. दादांना फक्त आधी सांगायचं की जरा जरा हवा सोडा, थांबून थांबून, ट्रकच्या सवयीने एकदम सोडली तर आपली ट्यूब क्षणात फुटते. जुन्या काळ्या सायकलींच्या वालट्यूबवाल्या व्हॉल्व्हचं अजून वेगळंच, पण त्या सायकलीवर 300 ला कोणी येत असेल तर मला आधी तिच्या पाया पडायचंय. मॉर्फच्या डोक्यातलं रबर उलटं करून बसवलं की तो श्रेडरला पण लागतो, त्यामुळे ग्रुपमध्ये कोणाचीही सायकल असो, एका पंपात भागतं. एकदा तर सापुताऱ्याच्या रस्त्याला एका स्कूटरवाल्या काकूंच्या मागच्या चाकात हवा भरून दिली, वेळ लागला, पण त्या पुढच्या गावापर्यंत पोचल्या.

2015 साली आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी रेस अक्रॉस अमेरिका दोघांची टीम म्हणून पूर्ण केली. त्या रेसमध्ये मागे गाडी असते, मेकॅनिक असतो, दुसरं चाक तयार असतं. ते बघून खूप जण लांबच्या सायकलिंगकडे वळले, मी पण त्यातलीच, आणि म्हणूनच नवीन लोकांना हे सांगावंसं वाटतं की आपल्या बीआरएममध्ये मागे कोणी नसतं. रात्री राहुड घाटाखाली तुम्ही आणि तुमचा पंप.

म्हणून पंप कोणताही घ्या, माझंच ऐकायला पाहिजे असं नाही, पण घेतल्या दिवशी घरी एक ट्यूब पूर्ण रिकामी करा, टायरमध्ये बसवा आणि त्याच पंपाने तुमच्या नेहमीच्या प्रेशरपर्यंत भरा, स्ट्रोक मोजा. दुकानात दहा स्ट्रोक मारून काहीच कळत नाही, पहिले पन्नास स्ट्रोक सगळ्याच पंपांचे सोपे असतात. भरून झाल्यावर हात किती थरथरतात ते बघा, त्यात सकाळपासूनचे 200 किलोमीटर मनाने मिळवा. आणि हे काम हेडलाईटच्या उजेडात, हातमोजे ओले असताना पण एकदा करा. मी माझ्या नवऱ्याला आणि मुलाला हॉलचे दिवे बंद करायला लावून केलं होतं, दोघं हसत होते, पण नंतर पेठच्या सावळघाटात धुक्यात जे पंक्चर झालं ते मी सतरा मिनिटांत उरकलं.

दोन वर्षांत देखभाल म्हणाल तर एकदाच मूठ उघडून दट्ट्याच्या वॉशरला सिलिकॉन ग्रीस लावलं. ज्या दिवशी पंप ढकलताना हलका लागायला लागतो आणि हवा वरून फुसफुसते त्या दिवशी वॉशर कोरडा पडलाय असं समजायचं. पावसाच्या राईडनंतर नळी सरळ लोंबती ठेवून वाळवते, दुमडून ठेवली तर वाकलेल्या जागी चिरते.

आपल्याकडे दुकानात तो नेहमी ठेवलेला नसतो, मी कॉलेज रोडच्या दुकानातून मागवून घेतला, आठ दिवसांनी आला. साध्या छोट्या पंपापेक्षा महाग आहे, हे खरं. त्याच रचनेचा, म्हणजे पायाची पट्टी आणि नळी असलेला, दुसऱ्या कंपनीचा स्वस्तात मिळाला तर तोही चालेल, पट्टी, नळी आणि खटका या तीन गोष्टी बघा, नाव बघू नका. आणि लहान हवाच असेल तर याच घरातला मिनी मॉर्फ आहे, त्याला पण पट्टी आणि नळी आहे, फक्त स्ट्रोक वाढतील.

मागच्या महिन्यात एका नवीन मुलीला चांदवडच्या पुढे सराट्यांनी गाठलं, दोन्ही चाकं. पहिलं चाक मी भरलं. दुसरं भरायला मी हात पुढे केला तर म्हणाली "ताई थांबा, मी करते", पट्टीवर पाय ठेवला आणि मोठ्याने मोजत मोजत भरलं. एकशे एकतीस झाले.